कोकणच्या मातीतला किरणोत्सार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर विहिरी, चिरेखाणी, दरडी असल्या विषयांवर बोलायला जातो. विषय काहीही असो, चहा येण्याच्या सुमारास कुणीतरी किरणोत्साराचं काढतोच. विचारणाऱ्यांत आंबा बागायतदार असतात, शाळेतली पोरं असतात आणि शिमग्याला आलेले चाकरमानीही असतात. ज्या क्रमाने हे प्रश्न येतात, साधारण त्याच क्रमाने इथे उत्तरं लिहिली आहेत.

आमच्या मातीत किरणोत्सार आहे का?

आहे. जगात कुठलीही माती घ्या, तिच्यात तो असतोच. पृथ्वी तयार झाली तेव्हाच काही अस्थिर, म्हणजे आपोआप फुटून किरण सोडणारे, अणू तिच्यात आले आणि ते अजून संपलेले नाहीत. त्यात मुख्य तीन: युरेनियम-२३८, थोरियम-२३२ आणि पोटॅशियम-४०. युरेनियम निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, थोरियमला १,४०० कोटी आणि पोटॅशियम-४० ला १२५ कोटी. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं धरलं, तर तिच्या जन्मावेळचं युरेनियम आत्ता कुठे निम्म्यावर आलं आहे.

युरेनियम आणि थोरियम एका फटक्यात शांत होत नाहीत. एक अणू फुटला की दुसरा अस्थिर अणू तयार होतो, तो फुटला की तिसरा. शेवटी शिसं झाल्यावर ही माळ थांबते. रेडियम, रेडॉन, पोलोनियम हे सगळे या माळेतलेच मणी. पोटॅशियमचं काम मात्र एकाच घावात आटोपतं.

बेकरेल आणि सीव्हर्ट यांत फरक काय?

सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. हे मातीचं माप झालं. सीव्हर्ट हे माणसाच्या अंगाला किती पोचलं याचं माप. ढगातून पडलेला पाऊस वेगळा आणि आपण किती भिजलो ते वेगळं, तसंच हे.

जगातल्या मातीचे सर्वसाधारण आकडे किलोला असे धरतात: युरेनियम ३५ बेकरेल, थोरियम ३०, पोटॅशियम-४० चे ४००. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्यातले जवळपास निम्मे श्वासातून, रेडॉनमुळे. हे आकडे ऐकून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर हेही ऐका: मोठ्या माणसाच्या शरीरात नुसत्या पोटॅशियममुळे सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू फुटत असतात. आत्ता हे वाचतानाही.

मग कोकणची माती कमी की जास्त?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण कोकण हा एका खडकाचा नाही. माती किती किरणोत्सारी असेल ते तिच्या आईबापांवर जातं आणि मातीचे आईबाप म्हणजे तिच्याखालचा खडक.

पालघरपासून रत्नागिरीपर्यंत, आणि पुढे देवगडापर्यंतही, बहुतेक ठिकाणी खाली काळवत्री आहे, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याच्या थरांनी दख्खन भरून काढलं, तोच हा दगड. देवगड सोडून मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे निघालात की पायाखालचं जग बदलतं. तिथे अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि पट्टेदार नीस आहेत, शिस्ट आहेत, कलादगी समूहाचे वालुकाश्म आहेत. रेडीचं लोहखनिज याच जुन्या खडकांतलं.

फरक कुठे पडतो? युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम हे तिन्ही घटक लवकर घट्ट होणाऱ्या खनिजांत बसत नाहीत. वितळलेला रस थंड होताना ते शेवटपर्यंत रसातच राहतात आणि उरल्यासुरल्या, गारेने (क्वार्ट्झने) समृद्ध भागात जमतात. तो भाग थिजला की ग्रॅनाइट. बेसाल्टचा रस मात्र प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, वर आलेला, त्याच्याकडे मुळातच हे ऐवज कमी.

आकडे घालून पाहू. किलोभर नमुनेदार बेसाल्टमध्ये युरेनियमचे ६, थोरियमचे ८ आणि पोटॅशियमचे १२५ बेकरेल आहेत असं समजा. नमुनेदार ग्रॅनाइटमध्ये हेच ५०, ६० आणि १,२५०. जमिनीपासून एक मीटर उंचीवर हवेत किती गॅमा (आरपार जाणारे किरण) पोचतो याचं सूत्र आहे: युरेनियमला ०.४६२ ने, थोरियमला ०.६०४ ने आणि पोटॅशियमला ०.०४१७ ने गुणून बेरीज करायची. बेसाल्टवर तासाला १३ नॅनोग्रे येतात (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप), ग्रॅनाइटवर १११. म्हणजे आठपटीहून जास्त, आणि मध्ये ना कारखाना, ना अणुभट्टी. हे हिशेबाचे आकडे आहेत, कुठल्या एका गावाचे नव्हेत. पण दिशा कळायला पुरेत.

म्हणून गुहागरचा माणूस कुडाळला पाहुणा गेला आणि सोबतच्या यंत्राने तिथे जास्त आकडा दाखवला, तर बोंब मारण्याआधी तिथला दगड पाहावा.

"गुरुजी, ह्या चिऱ्यात पण किरणां आसत काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण चिरा ज्यातून कापतात तो जांभा हा खडकांतला सगळ्यात गमतीदार गडी आहे. लॅटराइट हे त्याचं शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून रूढ केलं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ वीट. आपल्याकडे ओला असताना कापून विटेसारखाच वापरतात, म्हणजे नाव चपखल बसलं.

जांभा मुळात वेगळा खडक नव्हे. लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खाऊन मूळ खडकाचा जो चोथा उरतो, तो जांभा. पाण्याबरोबर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका आणि पोटॅशियम निघून जातं. मागे राहतं लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि त्यांच्याबरोबर थोरियम, कारण थोरियम पाण्यात विरघळायला अजिबात राजी नसतं. युरेनियमचं वागणं दोन्हीकडचं: हवा लागली की ते विरघळून पाण्याबरोबर सुटतं, पण वाटेत लोहाचे ऑक्साइड भेटले की त्यांना चिकटूनही बसतं. आणि जांभ्यात लोह-ऑक्साइडला तोटा नाही.

त्यामुळे जांभ्यात पोटॅशियम-४० जवळजवळ संपलेलं असतं आणि थोरियम मूळ खडकापेक्षा वाढलेलं असतं. काळवत्रीवरच्या जांभ्यात थोरियम तिप्पट झालं असं धरलं तरी ८ चे २४ होतात, म्हणजे जगाच्या सरासरीच्या आतच. ग्रॅनाइट किंवा नीसवर तयार झालेल्या जांभ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याची सुरुवातच थोरियमच्या ६० बेकरेलपासून होते. दोन्ही चिरे घराच्या भिंतीत शेजारी लावले तर रंगाने, भोकांनी, वजनाने ओळखू येणार नाहीत. कुळ मात्र वेगळं.

चिऱ्याच्या घरात राहायला भ्यायचं कारण नाही. उलट मुंबईहून हौसेने आणलेला ग्रॅनाइटचा ओटा घरातल्या भिंतींपेक्षा जास्त गॅमा देत असण्याची शक्यता आहे. तोही बिनधास्त वापरा.

रत्नागिरीची काळी वाळू केरळच्या वाळूसारखी आहे का?

नाही. आणि हा गैरसमज इतका रुजलाय की थोडं सविस्तर लिहितो.

मिऱ्या, काळबादेवी, मांडवी या भागातली पुळण (किनाऱ्यावरची वाळू) काळी दिसते ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटमुळे. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, ज्याच्यापासून रंगासाठी पांढरी भुकटी बनवतात. काळ्या वाळूतून पांढरा रंग, ही निसर्गाची थट्टाच. हे दोन्ही कण सह्याद्रीच्या काळवत्रीतून सुटून नद्यांनी खाली आणले आणि लाटांनी हलकी वाळू बाजूला सारून जड कण किनाऱ्यावर साठवले. लोहचुंबक वाळूत फिरवा, मॅग्नेटाइटच्या मिश्या फुटतील.

केरळात चवरा-नींदकरा आणि तमिळनाडूत मनवलाकुरिची इथल्या वाळूत या काळ्या कणांबरोबर मोनाझाइट असतं. ते मात्र काळं नसतं, मधासारखं पिवळट-तपकिरी असतं. त्यात थोरियम ऑक्साइड ८ ते १० टक्के आणि थोडं युरेनियम असतं. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला मनवलाकुरिचीच्या वाळूत ते सापडलं. केरळचं मोनाझाइट तिथल्या डोंगरांतल्या जुन्या रूपांतरित खडकांतून आलं. आपल्या काळवत्रीत मोनाझाइट नसल्यात जमा, मग तिच्या वाळूत ते यायचं कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

सारांश, काळेपणाचा आणि किरणोत्साराचा संबंध नाही. दक्षिण सिंधुदुर्गात नद्या वेगळ्या खडकांवरून येतात, त्यामुळे तिथल्या पुळणीतल्या जड कणांची यादी वेगळी असते. रत्नागिरीचा निष्कर्ष रेडीला डोळे झाकून लावू नये.

केरळात लोकांना त्रास होतो का?

करुणागपल्ली तालुक्यात काही ठिकाणी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत मात्रा मोजली गेली आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवून २००९ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त किरणोत्साराच्या घरांत राहणाऱ्यांना कर्करोग जास्त होतो असं त्यात आढळलं नाही. याचा अर्थ किरणोत्सार निरुपद्रवी आहे असा कुणी काढत असेल तर ती घाई आहे. अर्थ इतकाच की हळूहळू मिळणाऱ्या त्या पातळीचा परिणाम, असलाच तर, एवढ्या मोठ्या गर्दीतही वेगळा काढता येण्याइतका मोठा नव्हता.

रेडॉनची काळजी करावी का?

रेडॉन हा युरेनियमच्या माळेतला वायू. त्याला वास नाही, रंग नाही, अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३.८ दिवस. जमिनीतून वर येतो, बंद खोलीत साठतो आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते महत्त्वाचं कारण मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली आहे.

जुन्या कौलारू घरात तो टिकत नाही. कौलांच्या फटी, उघडं माजघर, दिवसभर सताड दार. जांभा सच्छिद्र असल्याने वायूला वाट मिळते हे खरं, पण वर घरच चाळणीसारखं असेल तर साठणार कुठे? काळजी घ्यायची ती नव्या घरांत: तळमजला, सरकत्या काचा बंद, वातानुकूलन चोवीस तास. पावसाळ्यात बाहेरची माती पाण्याने भरून तिची छिद्रं बुजतात आणि घराखालचा तेवढाच कोरडा चौकोन मोकळा राहतो, त्यामुळे वायू तिकडे वळू शकतो. फरशीच्या भेगा बुजवा आणि सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा. एवढंच.

उन्हाळ्याचं (गरम झऱ्याचं) पाणी किरणोत्सारामुळे तापतं का?

राजापूरची उन्हाळे, उन्हवरे, तुरळ, आरवली, गणेशपुरी… ही कुंडं एका ओळीत आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. आता ती खोलवरची उष्णता कुठली, तर पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जवळपास अर्धा वाटा खरोखरच किरणोत्सारी अणूंचा आहे. त्या दूरच्या नात्याने प्रश्न बरोबर. पण पाणी गरम आहे म्हणून ते किरणोत्सारी, असं होत नाही. वास येतो तो गंधकाचा. बिनधास्त पाय सोडून बसा, फक्त आधी बोट घालून बघा.

आणि माणसाने केलेला किरणोत्सार?

आहे, आणि तो अणुभट्टी नसलेल्या गावांतही आहे. १९४५ ते १९८० दरम्यान उघड्या हवेत अण्वस्त्रांच्या चाचण्या झाल्या. त्यांची धूळ जगभर फिरून पावसाबरोबर खाली आली. सगळ्यात जास्त १९६३ च्या सुमारास, आणि त्याच वर्षी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला. त्यातलं सीझियम-१३७ अजून मातीत सापडतं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे १९६३ मध्ये पडलेल्यातलं आता साधारण पाव उरलं. उत्तर गोलार्धात ते मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर पडलं. आपल्याकडे पाऊस धो धो, तरी वाटा कमी आला.

सीझियम वरच्या काही इंचांत अडकून राहतं. भाताच्या खाचरात नांगर ते खालीवर मिसळून टाकतो, उतारावरची वरकस जमीन धुपली की ते मातीबरोबर वाहून जातं. पण देवरहाटीत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) कुणी नांगर घातलेला नसतो, झाड तोडलेलं नसतं. तिथली माती या पडलेल्या धुळीची जपून ठेवलेली वहीच. रहाटीतलं सीझियम आणि शेजारच्या उतारावरचं सीझियम यांची तुलना केली की साठ वर्षांत किती माती धुपली ते काढता येतं. ज्या बॉम्बांनी जगाला घाबरवलं त्यांच्या राखेचा मातीची धूप मोजायला उपयोग होतो आणि ते शक्य होतं गावदेवीच्या धाकामुळे. मला तरी याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

जांभी माती सीझियम धरून ठेवते का?

सीझियम पोटॅशियमचा चुलतभाऊ. इलाइट नावाच्या चिकणमातीच्या पापुद्र्यांत ते शिरलं की जवळजवळ कायमचं अडकतं. आपल्या जांभ्या मातीत इलाइट थोडं, केओलिनाइट जास्त, आणि केओलिनाइटला तशी घट्ट पकड नाही. त्यात माती आम्ल आणि पोटॅश कमी. भुकेलं झाड पोटॅश शोधताना चुलतभावालाही उचलतं. म्हणून तितकंच सीझियम पडलं तरी युरोपच्या काही जमिनींपेक्षा आपल्याकडे ते पिकात शिरणं सोपं असू शकतं. किनाऱ्यावर कुठलाही अणुप्रकल्प आखताना मातीतून पिकात किती जातं याचे परदेशी गुणक उचलून चालणार नाहीत, असं मी नेहमी सांगतो ते यासाठी.

कलमांना घालतो ते पोटॅश किरणोत्सारी असतं म्हणे?

असतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये ३१ बेकरेल. ५० किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यात सुमारे २५ किलो पोटॅशियम, म्हणजे पावणेआठ लाख बेकरेल! आता दचकू नका. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २० लाख किलो भरतो. सगळं पोतं त्यात पसरलं तर किलोला अर्ध्या बेकरेलचीही भर पडत नाही. शिवाय शरीर पोटॅशियम मोजूनमापून ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं. स्फुरदाच्या खतांत रॉक फॉस्फेटमुळे थोडं युरेनियम येतं, त्याचाही हिशेब असाच.

आंबा, शहाळं, मासे खावेत ना?

खावेत. शहाळ्यात पोटॅशियम असतं, तेच केळ्यात, तेच तुमच्या स्नायूंत. समुद्रातल्या खाण्यात नैसर्गिक पोलोनियम-२१० जमिनीवरच्या अन्नापेक्षा जास्त असतं, विशेषतः तिसऱ्या-कालवांसारख्या, शिंपल्यात राहून पाणी गाळून खाणाऱ्या जिवांत. ते समुद्रात पहिल्यापासून आहे. आपल्या आज्यांच्या आज्यांनी तिसऱ्यांचं सुकं खाल्लं ते त्याच्यासकटच.

तारापूर आणि जैतापूरचं काय?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालल्या, म्हणजे कोकण किनाऱ्याला या विषयाचा अनुभव नवा नाही. तिथे माती, पाणी, मासे, दूध यांचे नमुने मोजणारी पर्यावरण प्रयोगशाळा आहे. सामान्य माणसाला अशा प्रकल्पामुळे वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असं अणुऊर्जा नियामक मंडळाचं बंधन आहे, आणि तारापूरचे जाहीर आकडे त्याच्या बरेच खाली आहेत.

जैतापूर प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. मी हे लिहितो तेव्हा तिथे एकही उभी नाही. म्हणून आज तिथल्या मातीत सीझियम सापडलं तर ते मुख्यतः चाचण्यांच्या धुळीचं. माझं दोन्ही बाजूंना म्हणणं एकच: अशा जागेची आत्ताची मोजणी गावाच्या हातात असावी, सड्याची वेगळी, खाचराची वेगळी, खाडीच्या गाळाची वेगळी. पुढे प्रकल्प झाला आणि कुणी "वाढलं" म्हणालं किंवा "नाही वाढलं" म्हणालं, तर कशापेक्षा, हे विचारायला कागद पाहिजे. सभांमधून मी आकडे पुष्कळ ऐकले. कुठल्या खड्ड्यातली माती, किती खोलीवरची, हे सांगणारा क्वचितच भेटला.

मोबाइलचा टॉवर आणि हे एकच ना?

नाही. टॉवरच्या लहरी अणूतले इलेक्ट्रॉन उखडू शकत नाहीत. विषय वेगळा आहे.

पहिल्या पावसात माझ्या यंत्राने एकदम जास्त आकडा दाखवला. काय झालं?

यंत्र बरोबर होतं. हवेतल्या रेडॉनची पिल्लं (तो फुटून झालेले अणू) धुळीला चिकटून असतात, पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो आणि जमिनीवर थोडा वेळ गॅमा वाढतो. त्यांची अर्धायुष्यं वीस-सत्तावीस मिनिटांची, दोन-तीन तासांत सगळं ओसरतं. गंमत म्हणजे आषाढात, जमीन भिजून चिंब झाली की आकडा उलट नेहमीपेक्षा कमी येतो, कारण मातीतलं पाणी खालून येणारे किरण अडवतं. मृगात वर, आषाढात खाली. एकाच जागेची तुलना करायची तर दोन्ही वेळा उन्हाळ्यात मोजा.

अशी ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं नुसते टिकटिक मोजतात. युरेनियम की सीझियम, हे त्यांना कळत नाही. हौस म्हणून घ्या, भांडण म्हणून नको.

माती तपासायला कशी द्यायची?

मृदा आरोग्य पत्रिकेच्या तपासणीत हे येत नाही. त्यासाठी गॅमा वर्णपट घेणारी प्रयोगशाळा लागते. प्रत्येक अणूच्या किरणांची ऊर्जा वेगळी असते: सीझियम-१३७ ची ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, पोटॅशियम-४० ची १,४६०, थोरियमच्या माळेतली ठळक रेषा २,६१४ ला. त्या रेषांवरून कोण किती ते कळतं.

घर, रस्ता, खताचा ढीग, राब भाजलेली जागा टाळा. गवत काढा. चार-पाच ठिकाणी वरच्या पाच सेंटिमीटरची माती एका पिशवीत आणि त्याखालची पंधरापर्यंतची दुसऱ्या पिशवीत घ्या, प्रत्येकी दीड-दोन किलो. प्रयोगशाळा ती वाळवून, चाळून, हवाबंद डब्यात साधारण महिनाभर ठेवते, म्हणजे रेडॉन आत कोंडून माळ पुन्हा जुळते. उशीर झाला म्हणून फोन करकरून त्यांना भंडावू नका.

पिशवीवर गाव, वाडी, तारीख, खोली लिहा आणि त्याखाली खडकही लिहा: काळवत्री, ग्रॅनाइट, वालुकाश्म की पुळण. जांभा असेल तर नुसतं जांभा लिहून भागणार नाही, शेजारच्या विहिरीत जांभ्याखाली काय लागलं ते विहीर खणणाऱ्याला विचारा. रत्नागिरीकडे कधीकधी काळी चिकणमाती आणि लिग्नाइटचे (कच्च्या कोळशाचे) तुकडे लागतात, तेही नोंदवा, कारण सेंद्रिय थर युरेनियमला अडवून धरतात. हा रकाना रिकामा ठेवून अहवाल माझ्याकडे आणलात तर चहा मिळेल, उत्तर मिळायचं नाही.